कुरव ओळखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की कोकण किनाऱ्यावरून आणि मोठ्या धरणांवरून "हा कोणता सीगल?" असे फोटो यायला लागतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एका जागी आणले आहेत. सीगल आणि कुरव हे दोन्ही शब्द इथे एकाच अर्थाने वापरले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, डोकेदुखीचे नंतर.

१. समुद्रावर उडणारा प्रत्येक पांढरा पक्षी सीगलच असतो ना?

नाही. आलेल्या फोटोंपैकी बरेच सुरयांचे, म्हणजे टर्नचे असतात. सुरयाचे अंग सडपातळ, पंख अरुंद आणि टोकदार, शेपटी बहुधा दुभंगलेली. उडताना तो चोच खाली रोखून पाणी न्याहाळतो आणि अनेक जाती सरळ सूर मारतात. कुरव अंगाने भरलेला, पंख रुंद, शेपटी पंख्यासारखी सपाट. तो सूर मारत नाही. पाण्यावर उतरतो, पृष्ठभागावरचे उचलतो आणि तिथेच तरंगत बसतो. सुरय पाण्यावर क्वचितच बसतात, बोयावर, खांबावर किंवा वाळूवर बसतात.

दोन सुरय हमखास फसवतात. गल-बिल्ड टर्नची चोच काळी आणि जाड असते, आणि हिवाळ्यात त्याच्या डोळ्यामागे काळा ठिपका असतो, थेट काळ्या डोक्याच्या कुरवासारखा. मात्र त्याची चोच पूर्ण काळी असते, लाल-काळी नव्हे, आणि पायही काळे असतात. दुसरा कॅस्पियन टर्न. आकाराने तो मोठ्या कुरवाच्या जवळ जातो, पण त्याची गाजरासारखी लाल जाड चोच एकदा पाहिली की पुन्हा चूक होत नाही.

२. महाराष्ट्रात किती प्रकारचे कुरव दिसतात आणि कोणत्या महिन्यांत?

नेहमीच्या भेटीचे पाच-सहाच. लहान गटात काळ्या डोक्याचा कुरव, तपकिरी डोक्याचा कुरव आणि त्यांच्यापेक्षा कमी दिसणारा बारीक चोचीचा कुरव. मोठ्या गटात पल्लासचा कुरव आणि पाठ गडद राखाडी असलेले ह्यूग्लिन व स्टेप कुरव. बाकीच्या जातींची नोंद म्हणजे बातमीच, त्यामुळे तिला पुरावाही तेवढाच भक्कम लागतो.

हे सगळे पाहुणे. ऑक्टोबरपासून येऊ लागतात, नोव्हेंबर ते मार्च भरपूर असतात, एप्रिलमध्ये ओसरतात. उन्हाळी मुक्कामाबद्दल प्रश्न १६ पाहा.

३. पुस्तकात "काळ्या डोक्याचा" लिहिलंय, पण माझ्या फोटोत डोकं पांढरंशुभ्र आहे. मग हा वेगळा पक्षी का?

बहुधा तोच. काळी किंवा तपकिरी टोपी ही विणीच्या हंगामातली पिसे. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्याचे डोके पांढरे असते आणि डोळ्यामागे गडद ठिपका तेवढा उरतो. कधी डोक्यावरून दोन पुसट पट्टे जातात. टोपी फेब्रुवारी-मार्चमध्ये परत येऊ लागते, आणि तेव्हा दुसरा घोटाळा होतो: काळ्या डोक्याच्या कुरवाची टोपी मुळात काळी नसतेच, ती गडद चॉकलेटी असते. उन्हात ती स्वच्छ तपकिरी दिसते आणि लोक लगेच "तपकिरी डोक्याचा" असे लिहून मोकळे होतात. खऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाची टोपी त्याहून फिकट, चेहऱ्याकडे आणखी फिकट होत जाणारी आणि मागच्या कडेला गडद रेघ असलेली असते.

आमचा आग्रह एवढाच, की डोके सगळ्यात शेवटी बघा. नावात डोके आहे म्हणून तिथूनच सुरुवात केली तर निम्म्या ओळखी चुकतात. आधी आकार, मग पंखाचे टोक, मग चोच आणि डोळा.

४. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, दोघांतला फरक सांगणारी सगळ्यात खात्रीची खूण कोणती?

उडताना दिसणारे पंखाचे टोक. प्रौढ पक्ष्यात ही खूण इतकी ठळक असते की साध्या दुर्बिणीतूनही कळते.

काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड, मनगटापासून (पंख जिथे वाकतो तिथून) टोकापर्यंत, लांब पांढऱ्या पाचरीसारखी चमकते. काळा रंग फक्त टोकांना, पंखाच्या मागच्या कडेला अरुंद किनारीसारखा. लांबून पक्षी वळला की आधी ही पांढरी पाचरच डोळ्यांत भरते.

तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक मोठे आणि काळेभोर असते आणि त्या काळ्यात दोन पांढरे ठिपके असतात. पक्षीनिरीक्षक त्यांना "मिरर" म्हणतात. हे ठिपके सर्वांत बाहेरच्या दोन पिसांवर असतात. काळ्याच्या आतल्या बाजूला, राखाडी सुरू होण्याआधी, पांढरा पट्टा दिसतो. म्हणजे पांढरे दोघांतही आहे, पण एकाचे टोकापर्यंत धावते, तर दुसऱ्याचे काळ्यापाशी अडते.

खालून पाहतानाही फरक टिकतो. काळ्या डोक्याच्या पंखाखाली मधली पिसे धुरकट आणि पुढची कड पांढरी, तपकिरी डोक्याच्या पंखाखाली टोक मोठे काळे आणि त्यात मिरर. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात वरचे रंग फसवतात, तेव्हा खालून काढलेला फोटो जास्त विश्वासाचा.

एक अपवाद लक्षात ठेवा: पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्या पिल्लाला मिरर नसतात. त्याबद्दल प्रश्न ७ मध्ये.

५. पक्षी वाळूवर बसलाय, पंख मिटलेले. आता काय बघायचं?

थांबता येत असेल तर थांबा. कुरव पंख ताणतो, शेजाऱ्यावर धावून जातो, कुत्रे आले की उठतो. पाच-दहा मिनिटांत पंख दिसण्याची शक्यता चांगली असते. त्याला मुद्दाम उठवू नका. भरतीला विसावलेला थवा उगाच उडवला तर त्याची विश्रांती जाते आणि शेजारचे चिखलपायेही उठतात.

तेवढ्या वेळात पुढचे बघून ठेवा. चोच: तपकिरी डोक्याची जाड आणि दणकट, काळ्या डोक्याची बारीक. दोघांचीही प्रौढपणी लाल आणि टोकाला काळी, त्यामुळे रंग उपयोगाचा नाही, जाडी उपयोगाची. डोळा: प्रश्न ६. आणि एक कमी वापरली जाणारी युक्ती: मिटलेल्या पंखांपैकी पलीकडच्या पंखाचे टोक शेपटीखालून आतल्या बाजूने दिसते. तिथे लांब पांढरा पट्टा असेल तर काळ्या डोक्याचा, काळ्यात वेगळा पांढरा ठिपका असेल तर तपकिरी डोक्याचा.

६. डोळा पिवळट-पांढरा दिसतोय. म्हणजे तपकिरी डोक्याचाच ना?

प्रौढ असेल आणि बारीक चोचीचा नसेल, तरच. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचे बुबुळ फिकट असते, त्यामुळे त्याची नजर रागीट वाटते. काळ्या डोक्याचा डोळा सर्व वयांत गडद. पण तपकिरी डोक्याच्या पिल्लाचाही डोळा गडदच असतो, म्हणून "डोळा काळा, म्हणजे काळ्या डोक्याचा" हे उलटे गणित चालत नाही. बारीक चोचीच्या प्रौढ कुरवाचाही डोळा फिकट असतो (प्रश्न ८). शिवाय मोबाइलच्या फोटोत डोळ्यावर पडलेली चकाकी फिकट बुबुळासारखी दिसते. दोन-तीन फोटोंत डोके वेगवेगळ्या कोनांत असूनही डोळा फिकटच असेल, तरच ती खूण धरा.

७. पंखांवर तपकिरी डाग, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. ही वेगळी जात आहे का?

जात तीच, वय कमी. शेपटीची काळी पट्टी म्हणजे पहिल्या हिवाळ्यातले पिल्लू, हे लहान कुरवांत जवळपास नेहमी खरे ठरते. लहान कुरव साधारण दोन वर्षांत प्रौढ पिसे घेतात, मोठ्यांना चार वर्षे लागतात. म्हणूनच मोठ्या कुरवांच्या एका थव्यात एकाच जातीचे चार वेगवेगळे पोशाख दिसू शकतात.

पहिल्या हिवाळ्यातल्या काळ्या डोक्याच्या कुरवाची चोच आणि पाय फिकट नारिंगी, पंखावर तपकिरी तिरपा पट्टा, मागच्या कडेला सलग काळी किनार. पण पुढच्या कडेचे पांढरे तेव्हाही शिल्लक असते, फक्त त्यात काळ्या रेघा मिसळलेल्या असतात. तपकिरी डोक्याच्या पिल्लाचे पंखाचे टोक मात्र घट्ट काळे, मिरर नाहीत आणि काळ्याच्या आत पांढरा तुकडा. थोडक्यात, मिररची वाट पाहू नका. पुढची कड टोकापर्यंत पांढरी आहे की काळी, एवढे विचारा.

८. बारीक चोचीचा कुरव कसा ओळखू? सगळे तर सारखेच दिसतात.

चोचीपासून नको, मान आणि कपाळापासून सुरुवात करा. कपाळ उतरते आणि लांबट, चोचीत मिसळत गेलेले. मान लांब, सावध असताना तर चांगलीच ताणलेली. डोळा फिकट. डोके बारा महिने पांढरे, टोपी येतच नाही. हिवाळ्यात कानाजवळ अगदी पुसट राखाडी ठिपका असू शकतो. पोटावर कधीकधी गुलाबी छटा.

पंखाचे टोक काळ्या डोक्याच्या कुरवासारखेच असते, त्यामुळे उडताना नुसत्या पंखावरून हे दोघे वेगळे होत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये काम सोपे होते: आजूबाजूच्या सगळ्यांना टोप्या आल्या आणि एखादा लांब मानेचा प्रौढ पांढऱ्या डोक्याचाच राहिला, तर तिथे थांबून नीट बघा. गुजरातेत, कच्छच्या आखाताकडे, हा सहज दिसतो. आपल्याकडे थव्यातून निवडून काढावा लागतो.

९. आकार कसा ठरवायचा? समुद्रावर अंदाजच येत नाही.

एकट्या पक्ष्याचा अंदाज अनुभवी माणसालाही येत नाही. शेजारी कोण आहे ते बघा. गावकावळा सुमारे ४० सेंमी. काळ्या डोक्याचा कुरव ३७ ते ४४ सेंमी, म्हणजे कावळ्याच्या मापाचा. तपकिरी डोक्याचा ४१ ते ४५ सेंमी, थोडा मोठा आणि छातीने भरदार. दोघे शेजारी असतील तरच हा फरक कामाचा. ह्यूग्लिनसारखे मोठे कुरव ६० सेंमीच्या आसपास, घारीच्या जवळपास. पल्लासचा ५५ ते ७२ सेंमी, पंखांचा पसारा दीड मीटरच्या पुढे जाऊ शकतो.

मोठ्या कुरवांत नर मादीपेक्षा ठळकपणे मोठा असतो आणि त्याची चोचही जड असते. त्यामुळे "हा जरा लहान आहे, म्हणजे दुसरी जात" हा निष्कर्ष एकट्याने कधीच काढू नका. टेलिफोटो भिंगात मागचा पक्षी पुढच्याच्या मानाने मोठा भासतो, हेही ध्यानात असू द्या. तुलना करायचे दोन्ही पक्षी एकाच रेषेत हवेत.

१०. पल्लासचा कुरव म्हणजे नुसता मोठा काळ्या डोक्याचा कुरव का?

नाही, घडणच वेगळी. चोच लांब, जड, पिवळी, त्यावर काळा पट्टा आणि टोकाकडे लाल. पाय पिवळसर. कपाळ लांब आणि उतरते. टोपी खरोखर काळी आणि डोळ्याच्या वर-खाली दोन पांढऱ्या कोरी. तीही लवकर येते. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत, बाकीचे कुरव पांढऱ्या डोक्याचे असताना हा एकटा काळी टोपी घालून बसलेला दिसतो. डिसेंबरमध्ये टोपीऐवजी डोळ्याभोवती काळसर मुखवटा असतो. उडताना प्रौढाच्या पंखाचा बाहेरचा भाग पांढरा आणि टोकाच्या जरा आत काळी कोर.

पिल्लूही सोपे आहे. मोठ्या कुरवांच्या पिल्लांत याचीच पाठ पहिल्या हिवाळ्यात राखाडी होते, आणि पांढऱ्या शेपटीला रेखीव काळी पट्टी असते.

११. पाठ गडद राखाडी, पाय पिवळे, मोठा कुरव. ह्यूग्लिन की स्टेप?

हा या पानावरचा सगळ्यात अवघड प्रश्न. काही पक्ष्यांचे उत्तर प्रामाणिकपणे "सांगता येत नाही" असेच असते.

आधी नावांचा गुंता. जुन्या पुस्तकांत ह्यूग्लिनचा कुरव स्वतंत्र जात म्हणून येतो. आता बहुतेक याद्यांमध्ये ह्यूग्लिन आणि स्टेप हे दोन्ही लेसर ब्लॅक-बॅक्ड गलचे उपप्रकार धरले जातात. ह्यूग्लिन उत्तर रशियाच्या टुंड्रात वीण करतो, स्टेप नैऋत्य सायबेरिया आणि उत्तर कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात. दोघेही हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात आणि एकाच थव्यात बसतात.

प्रौढांमध्ये चार गोष्टी एकत्र बघा. पाठ: ह्यूग्लिनची जास्त गडद, पाटीच्या रंगाकडे झुकणारी, स्टेपची मध्यम राखाडी. डोके: ह्यूग्लिन बहुधा दणकट डोक्याचा आणि मानेच्या मागे ठळक रेघा असलेला, स्टेपचे डोके गोलसर आणि हिवाळ्यातही बरेच पांढरे. चोच: स्टेपच्या चोचीवर लाल ठिपक्याजवळ काळी खूण वारंवार असते. पिसे गळणे: ह्यूग्लिनची उड्डाणपिसे उशिरा बदलतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत त्याची टोकाची पिसे अजून वाढत असलेली किंवा जुनी झिजलेली दिसू शकतात. स्टेप त्यात साधारणपणे पुढे असतो.

यातली एकही खूण एकटी पुरत नाही, आणि पाठीचा रंग तर सगळ्यांत फसवा. पक्षी सूर्याकडे थोडा वळला तरी तीच पाठ एक-दोन छटांनी बदलते. ढगाळ उजेडात, एकाच दिशेला तोंड करून बसलेले दोन पक्षी शेजारी मिळाले तरच तुलना करा. पिल्ले आणि मधल्या वयाचे पक्षी या पातळीवर ओळखण्याचा हट्ट सुरुवातीला तरी सोडा.

१२. माझ्या मोठ्या कुरवाची पाठ फिकट राखाडी आहे. कॅस्पियन कुरव म्हणू का?

लगेच नको. आधी उन्हाने फिकट केलेला स्टेप बाद करा. कॅस्पियनची पाठ खरोखर फिकट, डोके पांढरे आणि लहान, डोळा मण्यासारखा बारीक आणि बहुधा गडद, चोच लांब आणि सडपातळ, पाय लांब. भारतात त्याचा ओढा वायव्येकडे जास्त. कोकणातून नोंद करायची असेल तर बसलेला आणि पंख पूर्ण उघडलेला, असे दोन्ही फोटो हवेत.

१३. अख्खा तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा मोठा पक्षी कोळ्यांच्या होडीमागे होता. हा कोण?

बहुतेक वेळा प्रश्न ११ मधल्या मोठ्या कुरवांचे पिल्लू: चोच काळी, अंगावर खवल्यांसारखी नक्षी, शेपटीला रुंद काळी पट्टी. दोन शक्यता मात्र तपासा. तो इतर कुरवांचा आणि सुरयांचा पाठलाग करून त्यांच्या तोंडचे हिसकावत असेल आणि पंखाच्या टोकाजवळ पांढरी चमक असेल, तर स्कुआ हा दुसरा समुद्री पक्षी असू शकतो. (कुरवही हिसकावतात, पण स्कुआचा पाठलाग चिवट असतो.) पांढरी छटा पोटापुरतीच, डोके गडद तपकिरी, मानेवर अर्धवट पांढरा गळपट्टा आणि लांब जाड चोच टोकाला लाल-काळी असेल, तर अरबी समुद्रापलीकडचा सूटी गल. तो पश्चिम किनाऱ्यावर दुर्मिळ. आकाराने तपकिरी डोक्याच्या कुरवाएवढाच, म्हणजे मोठा नाही, आणि पहिली शंका तिथेच यायला हवी.

१४. ओळखता येईल असा फोटो कसा काढायचा?

सुंदर एक फोटो पाठवण्यापेक्षा कामाचे चार पाठवा: पंख वरून, पंख खालून, बसलेला पक्षी बाजूने, आणि शेजाऱ्यासह एक. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद, आणि सलग फोटोंचा मोड. भर उन्हात गडद पाण्यासमोर कॅमेरा पांढरी पिसे जाळतो आणि मग मिरर, पांढरी पाचर, फिकट डोळा सगळे एकच पांढरे होते. म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करा. मोबाइलवर पक्ष्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढला तरी चालते.

फोटो पाठवण्याआधी रंग खुलवू नका. पाठीची छटा हाच पुरावा असताना फिल्टर लावला की काहीच उरत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोतले बारकावे जातात.

१५. आमच्याकडे समुद्र नाही. उजनीच्या भिगवणला आणि जायकवाडीला दिसतात ते खरे सीगलच का?

हो. कुरव फक्त समुद्राचे पक्षी नाहीत. तपकिरी डोक्याचा कुरव तर लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करतो. धरणांवर तो सगळ्यांत जास्त, सोबत काळ्या डोक्याचा, आणि अधूनमधून पल्लासचा. गोड्या पाण्यावर गोंधळ होतो तो नदी सुरयाशी: त्याची चोच पिवळी, पाय लाल, शेपटी दुभंगलेली. फरकाच्या बाकी खुणा प्रश्न १ मध्ये.

१६. मे महिन्यात कुरव दिसला. नोंद चुकीची ठरेल का?

ठरेलच असे नाही. पहिल्या वर्षाचे काही पक्षी वीण करायच्या वयाचे नसतात, ते उत्तरेकडे न जाता इथेच रेंगाळतात. त्यांची पिसे उन्हाने झिजून इतकी पांढुरकी होतात की पंखावरच्या खुणा पुसट होतात. अशा वेळी चोचीची जाडी आणि अंगाची ठेवण यांवर भिस्त ठेवा.

१७. मांडव्याच्या फेरीवर लोक शेव-कुरमुरे टाकतात, तेव्हा अगदी जवळून फोटो मिळतात. टाकायला हरकत काय?

तळलेले खारट खाणे त्यांचे अन्न नाही, त्यामुळे टाकू नका. फेरीच्या फेसाळत्या पाण्यातून वर येणारे खाद्य टिपायला कुरव तसेही मागे येतात. कठड्याजवळ उभे राहिलात तर पंखाची वरची आणि खालची बाजू दोन्ही मिळतात.

१८. पायात धातूची कडी किंवा रंगीत पट्टी दिसली तर?

पट्टीचा रंग, अक्षरे-आकडे, ती कोणत्या पायात आणि गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, हे लगेच टिपा. तारीख, ठिकाण आणि फोटोसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला (बीएनएचएस) कळवा. अर्धवट वाचलेला आकडाही पाठवा, पण न दिसलेले अक्षर अंदाजाने भरू नका.

१९. इतकं करूनही जात ठरली नाही. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) काय लिहू?

जितके खात्रीने सांगता येते तितकेच. यादीत "गल स्पी." (कुरव, पण जात ठरलेली नाही) हा पर्याय त्यासाठीच आहे. मोठा पिवळ्या पायांचा गडद पाठीचा पक्षी असेल तर उपप्रकार न निवडता नुसते लेसर ब्लॅक-बॅक्ड गल लिहा. टिपणीत पंखाचे टोक, डोळा, चोच यांपैकी काय दिसले आणि काय दिसले नाही तेही लिहा. "पंख उघडलेले दिसले नाहीत" ही टीप चुकीच्या नावापेक्षा पुढे कितीतरी उपयोगी पडते, कारण फोटो नंतर दुसऱ्या कुणी तपासताना त्याला कुठे शंका घ्यायची ते कळते.